लुगड्याचं धुणं कुणाच्या वाट्याला

1 ऑगस्ट 1962 रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एक छोटा समारंभ झाला. अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्या दिवशी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एमआयडीसीची, स्थापना झाली. पुढे राज्यभर पसरलेल्या औद्योगिक वसाहतींचा आरंभ इथला. शेड उभ्या राहिल्या, भोंगे वाजू लागले आणि किसननगर, श्रीनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर अशा वस्त्या भोवती दाटत गेल्या. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून माणसं आली. त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांच्या ट्रंकांत सुती लुगडी होती. कुणाचं इरकली, कुणाचं सोलापुरी, विदर्भातून आलेलीचं नागपुरी. एका पिढीत ती लुगडी या वस्त्यांमधल्या दोऱ्यांवरून उतरली. त्यांच्या जागी आधी नायलॉन आलं, मग पॉलिस्टर.

हातमागाच्या ऱ्हासाची हकिकत आपण कायम मागाच्या बाजूने सांगतो. गिरण्या आल्या, यंत्रमाग आले, सूत महागलं, मधल्या व्यापाऱ्यांनी भाव पाडले, विणकराच्या मुलाने माग मोडून रिक्षा घेतली. यातलं काहीच खोटं नाही. पण कापड मागावरून उतरल्यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य नेसणारीच्या घरात जातं, आणि त्या घराकडे या हकिकतीत कुणी पाहत नाही. माझं म्हणणं असं की सुती हातमागाची साडी जितकी मागावर हरली तितकीच ती मोरीत हरली. तिला धुवायला, खळ घालायला, वाळवायला जी जागा, जो वेळ आणि जे हात लागतात ते शहरात उरले नाहीत. ते पुन्हा कुठून आणायचे, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या अंगावर टाकायचे, याचं उत्तर दिल्याशिवाय हातमाग वाचवण्याचं बोलणं अर्धवट राहतं.

इरकलीचंच उदाहरण घेऊ, कारण मराठी घरांत ती सगळ्यांत जास्त रुळली. तिला नाव देणारं इलकल हे गाव आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. 1956 पर्यंत तो मुलूख, तेव्हाच्या विजापूर जिल्ह्याबरोबर, मुंबई राज्यात होता. साडीने मात्र ती सीमा कधी मानली नाही. खड्ड्यातल्या मागावर विणल्या जाणाऱ्या या साडीची रचना वेगळीच आहे. अंगाचा ताणा सुती, पदराचा ताणा निराळा. दोन्ही ताण्यांच्या टोकांना धाग्यांचे फासे ठेवतात आणि अंगाचा एकेक फास पदराच्या फासात अडकवून दोन्ही ताणे जोडतात. या जोडाला कोंडी म्हणतात. त्यामुळे एक लांबलचक ताणा लावून साड्यांमागून साड्या काढत बसता येत नाही. दर साडीचा ताणा स्वतंत्र करावा लागतो. पदरावर तांबड्या-पांढऱ्याची टोप तेनी नावाची नक्षी येते. तिच्यात कंगव्याचे दात असतात, किल्ल्याची तटबंदी असते, जोंधळ्याचं कणीस आणि डोंगरांची रांग असते. काठ गोमी, नाहीतर चिक्की पारस नावाच्या नक्षीचा.

आता हीच साडी पाण्यात बुडवल्यावर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. सूत ओलं झालं की जास्त बळकट होतं. सुती कापड घाटावर दगडावर आपटून धुता येतं ते त्यामुळे. इरकलीच्या काठपदराला पूर्वी रेशीम असे. पुढे बहुतेक ठिकाणी त्या जागी रेयॉनचा कृत्रिम रेशमी धागा आला, ज्याला विणकर चमका म्हणतात. रेयॉनचं वागणं सुताच्या बरोबर उलट. भिजलं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे एकाच साडीत पाण्याने बळावणारा धागा आणि पाण्याने दुबळा होणारा धागा कोंडीच्या जोडापाशी एकमेकांना धरून असतात. साडी सरसकट पिळली तर अंगाला काहीही होत नाही आणि पदर जोडापाशी उसवायला लागतो. आई मला सांगायची, "अंग पिळ हवं तर, पण पदराला नुसतं दाबून पाणी काढ." आजीने तिला तेच सांगितलं होतं. या एका सूचनेत त्या साडीची सगळी बांधणी आली.

हा रेयॉनचा धागा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होत आला, हे इथे सांगितलं पाहिजे. शहाडचं सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याचं एनआरसी, दोन्ही कारखाने कल्याणच्या उंबरठ्यावरचे. मोहन्याचा कारखाना 2009 मध्ये बंद पडला. पलीकडे भिवंडीत यंत्रमागांची खडखड. त्याहून मागे गेलो तर 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचं नाव आहे आणि मराठवाड्यातल्या तेरहून गाड्या भरभरून जाडंभरडं कापड आणि मलमल भडोचला जात असल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षं कापडाच्या व्यापारात राहिलेल्या मुलखात आज सुती साडी कशी धुवायची हे विचारायला माणूस सापडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नवी हातमागाची साडी हाताला कडक लागते. विणण्याआधी ताण्याला पांजणी करतात, म्हणजे तांदळाची किंवा ज्वारीची पेज धाग्यांवर चढवतात. फणीच्या मागेपुढे होण्याने धागा घासून तुटू नये म्हणून. ती खळ पहिल्या धुण्यात उतरते. धागा फुगतो, वीण एकमेकांत बसते आणि साडी थोडी आटते. म्हणून फॉल लावायच्या आधी साडी भिजवून वाळवून घ्यायची, फॉलसुद्धा वेगळा भिजवून घ्यायचा. दुकानातूनच फॉल-पिको करून आणलेली सुती साडी पहिल्या धुण्यानंतर खालच्या काठाला चुण्या पडून आली की विणकराला बोल लावला जातो. दोष त्याचा नसतो.

रंगाबद्दल एक समजूत घरोघरी आहे, की मिठाच्या पाण्यात साडी बुडवली की रंग पक्का होतो. तसं होत नाही. पाण्यात मीठ असेल तर सुटा रंग त्या पाण्यात कमी उतरतो, एवढंच. धाग्याला जो रंग मुळात चिकटलेलाच नाही तो मिठाने चिकटणार नाही आणि तुरटीनेही नाही. तो थंड पाण्यात, वेगळ्या बादलीत, पाणी नितळ येईपर्यंत काढून टाकावा लागतो. त्यानंतर साडी ओल्या गोळ्यात पडू द्यायची नाही. तांबड्या काठाचा रंग पांढऱ्या अंगावर बसतो तो धुताना क्वचितच. तो बसतो साडी धुऊन झाल्यावर बादलीत तशीच राहिली तर. धुणं झालं की लगेच झटकून पसरायचं, हे त्या साडीचं सगळ्यांत मोठं मागणं.

मग खळ. साबुदाणा शिजवून गाळून, नाहीतर तांदळाची पेज पातळ करून तिच्यात साडी बुडवायची. खळ नुसती कडकपणासाठी नसते. तिने धाग्यावरची लव बसते. धूळ आणि घाम आधी खळीवर बसतो आणि पुढच्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो, धाग्यात मुरत नाही. रोज नेसल्या जाणाऱ्या लुगड्याचं आयुष्य या पेजेने वाढत असे. पण हीच खळ पावसाळ्यात वैरी होते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कपाटातली हवासुद्धा दमट होते. पिठाचा अंश असलेल्या कापडाला बुरशीचे काळे ठिपके पडतात, कसर लागते. म्हणून मृगाआधी साड्यांची खळ काढून टाकायची, सावलीत खडखडीत वाळवायच्या, जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवायच्या. अधूनमधून घडी मोडून दुसरीकडे घालायची, कारण एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घडी आणि वर इस्त्रीचा दाब आला की धागा तिथेच मरतो. जुन्या साड्या मधोमध सरळ रेषेत फाटलेल्या दिसतात त्या नेसून फाटलेल्या नसतात, ठेवून फाटलेल्या असतात.

हे सगळं मी इतक्या बारकाईने लिहिलं ते रीत सांगण्यासाठी नाही, यात किती काम आहे ते दिसावं म्हणून. आणि आता जागेचा हिशेब पाहा. सहावारी साडी साडेपाच मीटर, नऊवारी आठ मीटरच्या वर. सुती कापड पाणी पितं, त्यामुळे ओलं नऊवारी उचलताना मनगटं भरून येतात. अंगणात दोन झाडांना बांधलेल्या दोरीवर ते एकदाच पसरलं की तासाभरात वाळतं. चाळीच्या गॅलरीत दोरी लांब असते, पण ती सगळ्यांची असते. फ्लॅटच्या खिडकीतल्या ग्रिलची रुंदी जेमतेम चार-पाच फूट. तिथे लुगडं सहा-सात पदरी दुमडून टाकावं लागतं. जुलैत वरचा पदर वाळतो आणि आतल्या घड्या दुसऱ्या दिवशीही ओल्या असतात. त्यांना वास येतो, मग ते पुन्हा धुवावं लागतं.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या बाईला सकाळी सातची पाळी असे. चाळीत पाणी ठरावीक वेळेला येई. एक खोली, मोरी दारामागे. अशा घरात सुती लुगडं धुऊन, खळ घालून, वाळवून दुसऱ्या दिवशी नेसायला तयार ठेवणं म्हणजे झोपेतला तास काढून देणं होतं. नायलॉनची साडी रात्री धुतली तर पहाटे कोरडी. सूत हवेतूनच आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्या बाईला हे आकडे ठाऊक असायची गरज नव्हती. तिच्या दोरीने तिला ते सांगितलं होतं. तिने लुगडं सोडलं ते फॅशनपायी सोडलं, किंवा परंपरेची किंमत कळली नाही म्हणून सोडलं, असं लिहिणारे लोक मी वाचले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. तिच्या जागी असलेल्या कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

गावाकडे हे काम आपोआप होत होतं असंही नाही. बारा बलुत्यांत परीट होता. मोठ्या घरांची लुगडी, धोतरं, पागोटी घाटावर नेऊन धुवायची, खळ घालायची, घडी करून आणून द्यायची आणि वर्षाअखेरीस धान्याचं बलुतं घ्यायचं, हा त्याचा व्यवहार. ठाण्यात चरईजवळची धोबीआळी नावाने आजही उरली आहे. ज्यांना आपण संत गाडगेबाबा म्हणतो त्यांचा जन्म 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला परीट घरातच झाला. दुसऱ्यांचा मळ काढण्याच्या कामाला समाजाने किती कमी लेखलं हे त्यांनी जन्मभर पाहिलं आणि हातात खराटा घेऊन गावोगाव त्याच कामाला मान मिळवून दिला. परटाची सेवा ज्यांना परवडत नव्हती, म्हणजे बहुसंख्य घरांत, तिथे सासुरवाशीण नदीवर जात होती. जुन्या सुती लुगड्यांची तुकतुकीत घडी आठवून हळवं होताना ही दोन माणसं डोळ्यांसमोर ठेवायला हवीत: जातीने बांधलेला परीट आणि लग्नाने बांधलेली सून. त्या घडीचे पैसे कुणीच पुरते दिले नव्हते. मला ती व्यवस्था परत यायला नको आहे. साडी मात्र राहायला हवी आहे, आणि पेच नेमका इथे आहे.

आजही तो भार बायकांवरच आहे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ त्यात जात होता. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषाचा 97 मिनिटं. सुती साडीच्या देखभालीची जाहिरात करायची आणि तिची मिनिटं या 299 मध्ये भरायची, असं असेल तर बायका ते नाकारतील, आणि त्यांनी नाकारावंच.

सरकारने या बाजूला कधी पाहिलं नाही. 1985 हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचं. त्या वर्षी नवं वस्त्रोद्योग धोरण आलं आणि कृत्रिम धाग्यांना मोकळीक मिळाली. त्याच वर्षी हातमागासाठी काही वस्त्रं राखून ठेवणारा कायदाही झाला. आधी 22 प्रकार राखीव होते, नंतर ते 11 वर आले. यंत्रमागवाल्यांनी कायद्याला आव्हान दिलं, सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये तो वैध ठरवला. काठाच्या सुती साड्या त्या यादीत होत्या. कायदा माग राखत होता, पण ती साडी नेसणं कुणाला शक्य होतं हा प्रश्न त्याच्या कक्षेतच नव्हता. आणि आता दरवर्षी 7 ऑगस्टला हातमाग दिन साजरा होतो, तर दुसरीकडे 2024 पासून राज्य सरकार अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी देतं, ती यंत्रमागावरची. गरीब बाईच्या रोजच्या नेसण्याचा आणि हातमागाचा काही संबंध उरलेला नाही हे त्यातून सरकारनेही मान्य केल्यासारखं झालं.

मग हातमागाची साडी गेली कुठे? ती प्रदर्शनात गेली. ठाण्यात गावदेवी मैदानावर किंवा एखाद्या सभागृहात दरवर्षी हातमागाची प्रदर्शनं भरतात, तिथे मी नेमाने जाते. चांगल्या पगाराच्या, हौशी, जाणत्या बायका तिथे येतात. सुताचा काउंट विचारतात, पदर उलटा करून धागे तपासतात. त्या आहेत म्हणून कितीतरी माग चालू आहेत, आणि त्यांचं हे ऋण मान्य करून मी पुढचं लिहिते. घरी आणलेल्या त्या साडीवर 'फक्त ड्रायक्लीन' असं लिहिलेलं असतं, किंवा दुकानदार तसं सांगतो, आणि मग साडी वर्षातून दोनदा बाहेर येते. सुती साडीला ड्रायक्लीनची गरज नाही; तिच्यासाठी तो उलट चुकीचा उपाय आहे. घाम आणि त्यातले क्षार पाण्यात विरघळतात. ड्रायक्लीनच्या द्रावणात तेलाचे डाग निघतात, घाम पुरता निघत नाही. तो बगलेशी, निऱ्यांच्या खोचणीशी राहतो, आणि काही वर्षांनी तिथेच पिवळे चट्टे पडून कापड विरतं. सुताला पाणी मानवतं. ते वापरात टिकतं, कपाटात झिजतं. रोजच्या कापडाला दागिन्यासारखं तिजोरीत ठेवलं की त्याचं मोल वाढतं आणि आयुष्य घटतं.

शिवाय दागिना झालेली साडी फाटू द्यायची कुणाची हिंमत होत नाही, आणि सुती लुगड्याचं निम्मं आयुष्य फाटल्यावरच सुरू होत असे. मधला भाग विरला की तो काढून टाकून दोन्ही चांगली टोकं जोडायची. त्या शिवणीला दंड म्हणतात. दंड घातलेलं लुगडं नेसायला लाज नव्हती. शेतावर, घरात, स्वयंपाकाला तेच असे. तेही विरलं की त्याचं जुनेर झालं. जुनेराची बाळंतिणीच्या घरात खरी किंमत: बाळाची लंगोटं, दुपटी, टोपडी; नव्या कापडाने बाळाच्या अंगाला घासतं, शंभर धुण्यांनी मऊ झालेल्या लुगड्याने घासत नाही. उरलेली लुगडी एकावर एक पसरून, धावदोरा घालून त्यांची गोधडी व्हायची. गोधडीच्या मधल्या थरांत कधी न दिसणारे पदर असत. उसवल्यावर आत आजेसासूची चंद्रकळा निघायची. शेवटी गोधडीही फाटली की तिचं पोतेरं. या सगळ्या वाटचालीत एक गुण आवश्यक होता, कापडाने पाणी शोषणं. पॉलिस्टरच्या साडीची लंगोटं होत नाहीत, पोतेरं होत नाही. अशा साड्यांच्या गोधड्या बायका शिवतात, मी पाहिल्या आहेत, पण अंगावर त्या निसटतात आणि उन्हाळ्यात त्यांच्याखाली घाम सुटतो. जुन्या कृत्रिम साडीला दुसरा जन्म नाही. ती कचऱ्याच्या गाडीत जाते आणि तिथून पुढे तिचं काही होत नाही, ती संपतही नाही.

एक आक्षेप मी नेहमी ऐकते. बायका आता साडीच नेसत नाहीत, कुर्ता-सलवार आणि जीन्स घालतात. मग लुगड्याच्या धुण्याचं एवढं कशाला? त्यात तथ्य आहे, आणि कुणी काय नेसावं याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हा प्रश्न साडीपुरता नाही. हातमागाचा कुर्ता, ओढणी, पंचा, चादर, सगळ्यांना हेच धुणं लागतं. चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात 35 लाखांहून जास्त माणसं विणकामावर आणि त्याच्या जोडकामांवर जगतात आणि विणणाऱ्यांत दहातल्या सात बायका आहेत. म्हणजे कापडाच्या एका टोकाला बाई कमी मजुरीत विणते आणि दुसऱ्या टोकाला बाई बिनमजुरीने धुते. विणणारीला रास्त दाम मिळावा असं आपण निदान म्हणतो तरी. धुणारीबद्दल तेही म्हणत नाही.

किसननगरच्या एका गल्लीत एक लाँड्रीवाले आहेत. त्यांना सुती साडीची इस्त्री येते. हल्ली असं वेगळं सांगावं लागतं. साडी पुरती वाळू न देता ते ती घडीवर घेतात. अंगावर पाण्याचा हबका मारतात, इस्त्री तापलेली ठेवतात, आणि पदराच्या जोडाशी आले की थांबून इस्त्री बाजूला धरतात, थोडी निवू देतात, मग पदर उलट्या बाजूने, वर पातळ फडकं घालून करतात. जोडावरून इस्त्री आडवी कधी नेत नाहीत, उभीच नेतात. खळ घालून द्याल का विचारलं तर ते म्हणाले, "ताई, येते मला. वडील घालायचे. पण खळीला अर्धा दिवस जातो, जागा लागते, आणि लोक पैसे इस्त्रीचेच देतात." त्यांचा मुलगा एका आयटी पार्कमध्ये सुरक्षारक्षक आहे. दुकान पुढे चालवायचा त्याचा विचार नाही.

त्यांच्या त्या एका वाक्यात मला उपायाची दिशा दिसते. सुती कापडाची देखभाल हे कौशल्याचं काम आहे आणि त्याची मजुरी कौशल्याची असली पाहिजे. वागळे इस्टेटमध्ये सरकारी आयटीआय आहे. तिथे वेल्डर घडतात, फिटर घडतात. कापड ओळखणं, डाग काढणं, खळ, इस्त्री, रफू, दंड घालणं याचा अभ्यासक्रम तिथे असायला काय हरकत आहे? तो जातीच्या नावाने नको, बायकांसाठी राखीवही नको. ज्याला शिकायचं त्याला शिकवावा आणि प्रमाणपत्र द्यावं. हातमागाची साडी कित्येक हजारांना घेणाऱ्या ग्राहकाने तिच्या एका धुण्याचे शे-दीडशे रुपये द्यायला कां-कूं करू नये. आणि 2006 पासून जी हातमाग चिन्हाची चिठ्ठी साडीला लागते ती कापड हातमागाचं असल्याची हमी देते, पण काठ रेयॉनचा की रेशमाचा, पहिल्या धुण्यात किती आटेल, पाण्यात धुवायची की नाही, हे साध्या मराठीत कुठे लिहिलेलं नसतं. विणकराला ते ठाऊक असतं. ते चिठ्ठीवर यायला खर्च जवळजवळ काहीच नाही.

घरातल्या पुरुषांनी धुवायला शिकावं हेही मी इथेच म्हणते. इरकलीचा पदर दाबून पाणी काढायला बाईचाच हात लागत नाही.

जागेचा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण तो एका घराने सुटत नाही. किसननगरमध्ये आता क्लस्टर योजनेखाली जुन्या इमारती जाऊन मनोरे यायचे आहेत. चाळीतली सामाईक दोरी त्याबरोबर जाईल. नव्या घरात ड्राय बाल्कनी म्हणून जी चिंचोळी पट्टी मिळते तिच्यात वॉशिंग मशीन ठेवलं की माणूस उभा राहत नाही. आराखडे मंजूर होताना गाड्यांसाठी किती चौरस फूट सोडायचे याचा नियम असतो. कपड्यांसाठी वारा आणि सावली असलेली किती जागा सोडायची याचा का नसावा? तो नियम झाला तर फक्त सुती साडीचंच भलं होईल असं नाही. रोज चादरी, टॉवेल, मुलांचे गणवेश वाळवताना मेटाकुटीला येणाऱ्या प्रत्येक घराला श्वास घ्यायला जागा मिळेल.

आमच्या सोसायटीत गच्चीवर कपडे वाळत घालायला बंदी आहे. गेल्या वार्षिक सभेत मी गच्चीच्या उत्तरेच्या भागात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, आठ-आठ मीटरच्या चार दोऱ्या बांधण्याचा ठराव मांडला. इमारत बाहेरून बरी दिसणार नाही, असा एक आक्षेप आला. दुसरा गळतीचा. तिसरा, कुणाचे कपडे कुणी नेले तर जबाबदारी कोण घेणार, हा. गळतीचा मुद्दा खरा आहे आणि त्यासाठी दोरीचे खांब कठड्याला नट-बोल्टने बसवून, स्लॅबला भोक न पाडता उभे करता येतात. वागळेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून मी तसं रेखाटन आणि दर आणून ठेवला आहे. बाकीच्या दोन मुद्द्यांवर मतदान व्हायचं आहे.